फरशीचा हिशेब कुठे चुकतो? घरात टाइल बसवताना या चुका टाळा

सोयाबीन आणि कापूस विकून हातात पैसा आला की मराठवाड्यातील बहुतेक घरांत राहिलेले बांधकाम पुन्हा निघते, आणि त्यात पहिला मान फरशीचा असतो. दुकानात जाऊन टाइल पसंत करायची, तिच्या चौरस फुटाच्या भावाला घराच्या क्षेत्रफळाने गुणायचे, वर मजुरी धरायची आणि तेवढ्या रकमेची तजवीज करून कामाला लागायचे, ही आपली रूढ पद्धत आहे. पुढे काम अर्ध्यावर आल्यावर सिमेंट संपते, वाळू पुन्हा मागवावी लागते, स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीला, टाइल कमी पडते, आणि ठरवलेली रक्कम केव्हाच मागे पडलेली असते. टाइलच्या खाली आणि कडेला जे लागते, ते त्या गुणाकारात कधी आलेलेच नसते. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरात बसून पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिली चूक जोत्यातच होते

परभणीच्या आमच्या घराचे जोते भरताना पायाच्या खोदकामातून निघालेली काळी माती समोरच पडलेली होती. मुरमाच्या काही खेपांचे पैसे वाचतील म्हणून तीच माती मी आत ढकलू दिली. फरशी झाली, वास्तुशांती झाली आणि दोन उन्हाळे गेल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, धान्याची कोठी ठेवली होती त्या जागी, भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट दिसू लागली. शेजारच्या टाइल तिरप्या तडकल्या. कोठी हलवून थापीच्या मुठीने ठोकून पाहिले, तेव्हा भिंतीलगतच्या संपूर्ण ओळीतून मडक्यासारखा पोकळ आवाज आला. तेवढी फरशी उखडून, माती काढून, मुरूम भरून पुन्हा काम करण्यास जो खर्च आला, तो वाचवलेल्या मुरमाच्या कितीतरी पट होता.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतात आपण दरवर्षी पाहतो. घराखालीही तिचा स्वभाव तोच राहतो. जोत्यात मुरूमच भरावा, तो सहा ते आठ इंचांच्या थरांत टाकावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने चांगला ठोकावा, त्यावर दगडांचे सोलिंग करावे आणि मग चार इंचांचे काँक्रीट टाकावे. हा खर्च बांधकामाच्या खात्यात पडला नसेल, तर फरशीच्या खात्यात आधी धरावा. जुन्या घरात फरशी बदलत असाल आणि ती एखाद्या कोपऱ्यात खचलेली असेल, तर खचण्याचे कारण न शोधता तिच्यावर नवी टाइल चिकटवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

क्षेत्रफळ आणि पेटी यांचा मेळ

बाजारात जिला दोन बाय दोन म्हणतात, किंवा आमच्याकडे बोलताना सर्रास ‘स्टाईल’ म्हणतात, ती टाइल खरे तर ६०० मिलिमीटरची, म्हणजे सुमारे २३.६ इंचांची असते. चार टाइलच्या पेटीत १.४४ चौरस मीटर, अर्थात १५.५ चौरस फूट माल असतो. तोंडी हिशेबात मात्र तो १६ धरला जातो. दोन बाय चारच्या पेटीत दोनच टाइल असल्या तरी क्षेत्रफळ तेवढेच भरते. भाव १६ फुटांवर सांगितला आहे की १५.५ फुटांवर, हे विचारून घ्यावे आणि शक्यतो पेटीचाच भाव लिहून घ्यावा.

दहा बाय बाराची एक खोली घेऊ. १२० भागिले १६ म्हणजे साडेसात, म्हणून आठ पेट्या, असा उत्तराचा मोह होतो. प्रत्यक्षात तोडफोडीसाठी आठ टक्के वाढवले की १३० चौरस फूट होतात आणि त्याला नऊ पेट्या लागतात. खोलीचा घेर ४४ फूट, त्यातून तीन फुटांचे दार वजा केले तर ४१ फूट स्कर्टिंग उरते. सुमारे चार इंच उंचीच्या स्कर्टिंगसाठी एका टाइलच्या सहा पट्ट्या, म्हणजे जवळपास बारा फूट लांबी निघते. म्हणून आणखी चार टाइल, एक पूर्ण पेटी. आठच्या जागी दहा पेट्या झाल्या, आणि ही गोष्ट एकाच खोलीची आहे.

शिवाय टाइल पूर्ण दोन फुटांची नसल्यामुळे दहा फुटांत पाच टाइल लावून एका कडेला एक-दोन इंचांची पट्टी उरते. अशी चिंचोळी पट्टी दिसायला वाईट आणि कापताना तुटणारी असते. ओळ सरकवून दोन्ही कडांना मोठे तुकडे घेतले की काम देखणे होते, पण टाइल अधिक लागतात. म्हणून कागदावर खोलीचे चित्र काढून, मिस्त्रीसमोर ओळी आखून मगच पेट्या मोजाव्यात. भिंती गुण्यात, म्हणजे एकमेकींशी काटकोनात, नसतील, तर तोडफोड आणखी वाढते.

आता संपूर्ण घराचे उदाहरण घेऊ. यातील भाव केवळ हिशेबापुरता आहे. क्षेत्रफळ ७०० चौरस फूट आणि टाइल ५० रुपये फूट धरली, तर डोक्यात ३५,००० रुपये बसतात. दहा टक्के तोडफोडीचे ७० फूट आणि साधारण २८० फूट लांबीच्या स्कर्टिंगचे ९३ फूट मिळवले की माल ८६३ फूट होतो. त्याचे ४३,१५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७,७६७ रुपये, म्हणजे जवळपास ५१,००० रुपये. अजून गाडीभाडे, हमाली, सिमेंट, वाळू आणि मजुरी यांपैकी काहीही आलेले नाही. सांगितलेल्या भावात कर धरला आहे का, हा प्रश्न दुकानात पहिल्या पाच मिनिटांत विचारला पाहिजे.

मालाचा थर: न दिसणारा सर्वांत मोठा खर्च

फरशीखालच्या मालाचा, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूचा, थर किती जाड होणार, यावर सिमेंट-वाळूचा खर्च ठरतो, आणि अंदाजपत्रकात नेमके तेच कोणी मोजत नाही. एकास सहा प्रमाणाच्या मालाचा दोन इंचांचा थर शंभर चौरस फुटांवर टाकण्यास सुमारे २.६ पिशव्या सिमेंट आणि १९ घनफूट वाळू लागते. ७०० फुटांच्या घराला १८ पिशव्या आणि सव्वा ब्रासहून (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडी अधिक वाळू झाली. टाइलखाली ओतायच्या स्लरीचे, म्हणजे पाण्यात कालवलेले पातळ, सिमेंट त्याशिवाय वेगळे. परंतु खालचे काँक्रीट वरखाली असेल आणि एका खोलीच्या पातळीला दुसरी आणण्यासाठी सरासरी थर चार इंचांवर गेला, तर हेच आकडे दुप्पट होतात: ३६ पिशव्या आणि अडीच ब्रासच्या वर वाळू. गोदावरी, पूर्णा, दुधना आणि मांजरा यांच्या काठी राहूनही वाळू आपल्याला स्वस्त मिळत नाही, आणि क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, वापरली तरी तिची प्रत्येक खेप पैसे मागतेच.

यावर उपाय सोपा आहे. टाइल घेण्यापूर्वी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने सर्व खोल्यांच्या भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारून घ्यावी आणि प्रत्येक खोलीत पाच ठिकाणी त्या रेघेपासून खालच्या काँक्रीटपर्यंतचे अंतर मोजून लिहावे. अर्ध्या दिवसाच्या या कामातून थराची जाडी कळते, दारे खालून तासावी लागतील का ते कळते, आणि जिन्याची पहिली पायरी इतरांपेक्षा ठेंगणी होणार असेल तर तेही वेळीच लक्षात येते.

चिकटवण्याचे ॲडहेसिव्ह वापरणार असाल तर तळ सपाट असणे अधिकच महत्त्वाचे ठरते. २० किलोच्या पिशवीत तीन मिलिमीटर जाडीने साधारण ४५ ते ५० चौरस फूट काम होते. थर सहा मिलिमीटर झाला की तेच २४ फुटांच्या आसपास येते. खड्डे आधी मालाने भरून घ्यावेत, ॲडहेसिव्हने भरू नयेत.

भाव पाहून निवड करण्याची चूक

शहाबाद आणि मराठवाडा पूर्वी निजामाच्या एकाच राज्यात होते, आणि शहाबादी फरशी आपल्या वाड्यांत, ओसरीवर आणि मोरीत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. अंगण, गुरांची जागा, गच्चीचा जिना, धान्याची पोती ओढली जातात ती खोली, अशा ठिकाणी मी आजही शहाबादी किंवा कोटा यांचीच शिफारस करीन. सगळीकडे चकाकणारी टाइल बसवण्याच्या हौसेत पैसा जातो आणि पावसाळ्यात काळ्या चिखलाच्या पायांनी घरात येणारी माणसे घसरतात, ती गोष्ट वेगळीच. न्हाणी, मोरी आणि ओसरीला खडबडीत टाइलच घ्यावी, आणि ज्या घरात वृद्ध आहेत तेथे याबाबत तडजोड करू नये.

व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्यांपेक्षा अधिक पाणी शोषत नाही, तर भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून अधिक शोषते; म्हणून भिंतीची स्वस्त टाइल जमिनीवर लावू नये. डबल चार्ज टाइलमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो आणि तो झिजेला पुरतो. ग्लेझ्ड प्रकारात नक्षी वरच्या पातळ थरावर छापलेली असते, तिच्यावर लोखंडी पलंग ओढला की ओरखडा कायमचा राहतो.

आपल्याकडील बराचसा माल गुजरातेतील मोरबीहून येतो, आणि एकाच नावाच्या टाइलमध्ये प्रीमियम व त्याखालची प्रत असा फरक असतो. पेटीवरील प्रत, शेड क्रमांक आणि बॅच क्रमांक सर्व पेट्यांवर एकच आहे, हे गाडीतून माल उतरतानाच तपासावे. वाक पाहण्यासाठी दोन टाइल समोरासमोर, चकाकणाऱ्या बाजू आत ठेवून, एकमेकींना टेकवाव्यात आणि कडेने उजेड पाहावा. मध्ये किंवा टोकाला फट ठळक दिसत असेल, तर दोन बाय चारसारख्या लांब टाइलच्या कडा बसवल्यावर वरखाली होतात आणि दोष मिस्त्रीच्या माथी येतो.

मजुरी ठरवताना

चौरस फुटाचा दर ठरला म्हणजे मजुरी ठरली, असे समजू नये. स्कर्टिंग धावत्या फुटावर वेगळे मोजतात, पायऱ्या नगावर, खिडकीच्या पट्ट्या आणि कडा घासणे वेगळे. जुनी फरशी उखडणे, तिचा मलबा टाकून येणे, पेट्या वरच्या मजल्यावर चढवणे, सांधे भरणे, शेवटी फरशी पुसून देणे, यांपैकी काय दरात आहे आणि काय नाही, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. कारागीर उत्तर प्रदेश, बिहार किंवा राजस्थानचे असतील तर होळी-दिवाळीला ते गावी जातात, हेही तारखा ठरवताना ध्यानात ठेवावे. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि अखेरचा हप्ता फरशी ठोकून पाहिल्यावरच द्यावा.

पाणी हा खर्चाचा स्वतंत्र रकाना आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत काम काढले तर टँकरचे पैसे आधीच धरावे लागतात, आणि कडक उन्हात माल पकडण्यापूर्वीच सुकून जातो. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. वास्तुशांतीची तारीख आधी काढून फरशीची घाई करू नये: सांधे किमान एका दिवसाने भरावेत आणि जड सामान आठवडाभर तरी ठेवू नये.

बिघाड झालाच तर

बसवताना टाइलच्या पाठीवर चार-पाच ठिकाणी मालाच्या टिकल्या लावून ती दाबली, तर मधली जागा पोकळ राहते आणि वर काही जड पडले की तेथेच तडकते. काम चालू असताना एखादी ताजी टाइल उचलून तिची पाठ पाहावी. माल सर्वत्र लागलेला दिसला पाहिजे. नंतर पोकळ आवाज आला आणि जागा वर्दळीची नसेल, टाइलही तडकलेली नसेल, तर ती तशीच राहू द्यावी. स्वयंपाकघरात किंवा दाराशी असेल, तर सांध्यातून इपॉक्सी भरून घ्यावे अथवा टाइल बदलावी.

मे महिन्यात भर दुपारी मोठा आवाज होऊन मधली ओळ तंबूसारखी वर उठते, तेव्हा घरातील माणसे घाबरतात. टाइल भिंतीला घट्ट भिडवल्या आणि सांधे न ठेवता बसवल्या, तर उष्णतेने प्रसरण पावायला त्यांना जागा उरत नाही, हे त्याचे कारण असते. उठलेली टाइल ठोकून खाली बसवू नये. भिंतीकडची कड मशिनने कापून ताण मोकळा करावा आणि ती ओळ पुन्हा बसवावी. नव्या कामात भिंतीलगत सहा ते आठ मिलिमीटर मोकळी जागा, जी स्कर्टिंगखाली झाकली जाते, आणि टाइलमध्ये सांधे सारखे ठेवणारे किमान दोन मिलिमीटरचे स्पेसर ठेवावेत.

सांध्यांवर पांढरा क्षार येत असेल, तर बोअरच्या जड पाण्याने सांधे कालवले होते का ते विचारावे. पुढच्या वेळी गोडे पाणी वापरावे. तो काढण्यासाठी ॲसिड ओतण्याची सवय मोडावी, कारण ॲसिड सिमेंटचे सांधे खाते, आणि शहाबादी व कोटा हे चुनखडीचे दगड असल्याने त्यांची चकाकी कायमची जाते. न्हाणीत पाणी साचत असेल तर वरून इलाज चालत नाही; ऐंशी ते शंभर इंचांमागे एक इंच ढाळ जाळीकडे आहे का, हे टाइल पक्की होण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतूनच पाहावे लागते.

काम संपल्यावर उरलेली अर्धी-एक पेटी परत करू नये. ती उभी ठेवावी, तिच्यावरील बॅचचा कागद बिलासोबत जपावा. आम्ही उरलेल्या टाइल परत केल्या होत्या. खचलेला कोपरा दुरुस्त केला तेव्हा त्याच नावाच्या टाइल मिळाल्या, पण बॅच वेगळी होती, आणि कोठीमागच्या त्या सहा टाइल आजही उजेडात वेगळ्या रंगाच्या दिसतात.