विकिपीडियावर फोटो चढवण्याआधी: नागपूरच्या नव्या संपादकांसाठी

मराठी विकिपीडियावर लिहू लागलेल्या मुलामुलींसोबत मी गेली काही वर्षं नागपुरात बसतो. लेख लिहायला ती लवकर शिकतात, संदर्भ देणंही जमतं. गाडी अडते ती फोटोपाशी. फोटोशिवाय लेख उघडा वाटतो, म्हणून गूगलवर शोधून एखादा चांगला फोटो उतरवून घेतला जातो आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या लेखांसाठी फोटो जिथे साठवतात त्या साइटवर, ‘स्वतःचे काम’ म्हणून चढवला जातो. मग तो वगळला जातो, चर्चा पानावर सूचना येते आणि संपादक नाराज होऊन परत फिरकत नाही. चांगलं लिहिणारे असे काही जण हातचे गेलेले मी पाहिले आहेत. त्यांना हे आधी कुणी सांगायला हवं होतं.

फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात चिन्हही लागत नाही. ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही.

यावर हमखास प्रश्न येतो: “पण सर, आपण तर शिक्षणासाठी वापरतोय, हे फेअर यूजमध्ये नाही का येत?” फेअर यूज म्हणजे काही कामांसाठी मालकाच्या परवानगीशिवाय वापर करायची कायद्यातली मुभा. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. खासगी अभ्यास, संशोधन, टीका, समीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा ठरावीक कामांना ते सूट देतं. अमेरिकेच्या कायद्यात कलम १०७ आहे. तिथे चार गोष्टी तोलतात: वापर कशासाठी, मूळ कृती कशा प्रकारची, तिचा किती भाग घेतला आणि मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम झाला. दोन्ही कायदे एका विशिष्ट वापराबद्दल बोलतात. फोटो त्यामुळे मुक्त होत नाही. कॉमन्स मात्र सगळ्यांसाठी उघडं कोठार आहे. तिथला फोटो उचलून उद्या कुणी कॅलेंडर छापून विकलं तरी ते चालायला हवं, ही तिथली अटच आहे. म्हणून कॉमन्सवर फेअर यूज अजिबात चालत नाही. ‘फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी’ किंवा ‘बदल करू नये’ असे परवानेही चालत नाहीत.

विकिपीडिया आणि कॉमन्स चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या २००७च्या ठरावानुसार एखाद्या भाषेचा विकिपीडिया स्वतःचं धोरण करून थोडी सूट ठेवू शकतो. इंग्रजी विकिपीडियाने ती ठेवली आहे. पुस्तकाचं मुखपृष्ठ, सिनेमाचं पोस्टर, दिवंगत व्यक्तीचा फोटो तिथे चालू शकतो, पण अटी कडक आहेत. चित्र लहान हवं, साधारण एक लाख पिक्सेलच्या आत. ते लेखातच वापरायचं आणि कारण लिहून द्यायचं. शिवाय त्याच्या जागी मुक्त फोटो मिळणं शक्य नसावं. ही शेवटची अट बहुतेक फोटोंना बाहेर काढते. हयात माणसाचा फोटो उद्या कुणीही काढू शकतं, आणि झिरो माइलचा दगड तर जागेवरच उभा आहे.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, मोबाइल घ्या आणि बाहेर पडा. फुटाळा, अंबाझरी, सीताबर्डीचा किल्ला, अजब बंगला, कस्तुरचंद पार्क यांचे फोटो वर्तमानपत्राच्या साइटवरून उचलायचं काहीच कारण नाही. इमारती आणि पुतळ्यांच्या बाबतीत आपला कायदा उदार आहे. कलम ५२ प्रमाणे इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचाही काढता येतो. म्हणजे विधान भवन, दीक्षाभूमीचा स्तूप, संविधान चौकातला पुतळा, सगळं चालतं. भिंतीवर रंगवलेलं चित्र मात्र या सवलतीत बसत नाही. चित्रकाराचा हक्क शाबूत असतो, भिंत कितीही सार्वजनिक असली तरी. मारबतीच्या मिरवणुकीचंही भान ठेवा. तिच्यातले बडगे, म्हणजे मिरवायचे पुतळे, दरवर्षी नवे बनतात आणि मिरवणुकीनंतर जाळले जातात, त्यामुळे त्यांना ‘कायमस्वरूपी’ म्हणता येत नाही. एकट्या बडग्याचा जवळून फोटो घेण्याऐवजी गर्दी, गल्ली, माणसं असा मिरवणुकीचा फोटो घ्या. लेखालाही तोच जास्त उपयोगी पडतो.

नागपुरात वारंवार निघणारा विषय म्हणजे बाबासाहेबांचे जुने फोटो. त्यांचं निधन १९५६ सालचं, त्यानंतर साठ वर्षं उलटली, म्हणून फोटो मुक्त झाला, असं अनेकांना वाटतं. त्यांच्या लेखनाला हा हिशेब लागू होतो. ते स्वतः हयात असताना प्रसिद्ध झालेलं लेखन भारतात २०१७च्या सुरुवातीला मुक्त झालं. फोटोचा हिशेब फोटोत दिसणाऱ्या माणसावर चालत नाही. २०१२च्या दुरुस्तीपासून मुदत छायाचित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं अशी मोजतात. त्याआधी ती प्रसिद्धीपासून मोजली जायची, आणि त्याहूनही आधी, १९५७चा कायदा यायच्या अगोदर, फोटो काढल्यापासून. त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेचा फोटो हाती आला तर तो कुणी काढला आणि कुठे छापून आला, हे आधी शोधा. भारतातली मुदत संपली तरी कॉमन्स अमेरिकेतली स्थितीही पाहतं. अशा फोटोबद्दल चढवण्याआधी कॉमन्सवरच्या जाणत्या सदस्यांना विचारा. या काळाचे फोटो आपल्या शहराचा ठेवा आहेत आणि ते कुठून आले हे पक्कं असलं तरच ते कॉमन्सवर टिकतील.

सरकारी साइटवरचा फोटोही आपोआप मुक्त नसतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे, उदाहरणार्थ नासाचे फोटो बहुतांशी मुक्त असतात. भारत सरकारच्या कृतींवर प्रसिद्धीपासून साठ वर्षं कॉपीराइट असतो.

आता घरच्या अल्बमबद्दल. एखाद्या दिवंगत नागपूरकर कवीचे नातेवाईक मोठ्या प्रेमाने फोटो देतात आणि म्हणतात, “घ्या, विकिपीडियावर लावा.” एवढं पुरत नाही, कारण परवानगी फक्त विकिपीडियापुरती चालत नाही. हक्कधारकाने कुणालाही, कशासाठीही वापरायला मोकळीक देणारा परवाना, त्या परवान्याचं नाव लिहून, द्यावा लागतो, उदाहरणार्थ क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या, तसंच वाटा’. तसा ईमेल विकिमीडियाच्या परवानगी पाहणाऱ्या स्वयंसेवकांकडे जायला हवा. फोटो स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक काढून घेणारा ठरतो, असं कलम १७ सांगतं. कुटुंबाकडे हे शांतपणे विचारून लिहून घ्या. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे त्यांना सही करण्याआधी सांगा. ही माणसं आपल्यावर विश्वास टाकतात, त्यांच्यापासून काही लपवू नये. अल्बममधल्या फोटोचा आपण मोबाइलने फोटो काढला म्हणून तो ‘स्वतःचे काम’ होत नाही.

स्वतः काढलेला फोटो चढवताना मूळ फाइलच चढवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली फाइल लहान झालेली असते आणि तिच्यातली कॅमेरा, तारीख, वेळ यांची माहिती निघून जाते. अशी फाइल दिसली की तपासणाऱ्यांना शंका येणं साहजिक आहे. वर्णनात जागा, तारीख आणि काय दिसतंय ते मराठीत लिहा, इंग्रजीत जमलं तर तेही. वगळण्याची सूचना आली तर लगेच उत्तर द्या: कुणी काढला, कधी, कुठे, मूळ फाइल आहे का. वाद घालू नका, माहिती द्या. आणि फाइल वगळली गेलीच तरी घाबरू नका. परवानगी नंतर पक्की झाली, तर प्रचालक, म्हणजे फाइल वगळायचे आणि परत आणायचे अधिकार असलेले सदस्य, ती फाइल परत आणू शकतात.