एचलेजरमध्ये तोच खर्च दोनदा का पडत होता

घरचा जमाखर्च मी एचलेजर या हिशेबाच्या प्रोग्रामच्या साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतो. बँकेची सीएसव्ही (व्यवहारांच्या तक्त्याची फाइल) आयात केली, की किराणा दोनदा! आधी संशय नियमांच्या फाइलीवर, म्हणजे सीएसव्ही कशी वाचायची हे सांगणाऱ्या फाइलीवर. तारखेचा साचा, जमा-नावेचे रकाने, सगळं ठीक. घोळ निघाला फाइलीच्या नावात. एचलेजरचा 'इम्पोर्ट' हा आयातीचा आदेश कुठवर वाचलं ती तारीख एका लपलेल्या '.लेटेस्ट' फाइलीत टिपून ठेवतो, आणि तिच्या नावात सीएसव्हीचं नाव असतं. बँक दर वेळी नवं नाव देते, म्हणजे पाटी कोरी, आणि जुन्या नोंदी पुन्हा आत. आता स्क्रिप्ट आधी फाइलीला ठरलेलं 'बँक.सीएसव्ही' हे नाव देते, मग ड्राय-रन (काही न लिहिता नुसती चाचणी), मग खरी आयात. यूपीआयच्या नोंदी मात्र अजून हातानेच लावतो. चहावाल्याच्या क्यूआरवर त्याच्या मेव्हण्याचं नाव येतं, त्याला कुठला नियम लावणार?