डंपर उभा का आहे? ओपनकास्टवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नागपूरच्या व्हीएनआयटीतून मायनिंगची पदवी घेऊन किंवा कुठून तरी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून उमरेड-कामठी पट्ट्यातल्या ओपनकास्टवर (उघड्या कोळसा खाणीवर) आलेला नवा माणूस आधी इंजिनाकडे बघतो. आधी घड्याळाकडे बघा. मशीन बिघडून जितके तास जातात, तितकेच किंवा जास्त तास धडधाकट मशीन नुसतं उभं राहण्यात जातात.

समजा, 8 तासांच्या शिफ्टमध्ये देखभाल आणि ब्रेकडाऊनला 2 तास गेले. म्हणजे मशीन 6 तास चालण्याजोगं होतं, अवेलेबिलिटी 75 टक्के. मशीन प्रत्यक्ष चाललं 4 तास, म्हणजे युटिलायझेशन 50 टक्के. मधले 2 तास कुठे गेले, हे लॉगबुकात ‘आयडल’ एवढंच लिहिलं तर कधीच कळणार नाही. ब्लास्टिंग, डिझेल, ऑपरेटर नाही, डंपर नाही, असं कारण वेगवेगळं लिहून घ्या.

पहिल्या आठवड्यात शॉवेलपाशी (डंपर भरणाऱ्या मशीनपाशी) सुरक्षित जागी उभं राहून वेळ मोजा. 30 सेकंदांचा एक, असे 5 पास (बकेटच्या खेपा) आणि डंपर लावायला अर्धा मिनिट, म्हणजे एका डंपरला 3 मिनिटं. भरण्यासकट डंपरची फेरी 18 मिनिटांची असेल तर 6 डंपर पुरतात. 8 लावले तर उत्पादन तेच, फक्त प्रत्येक फेरीत 6 मिनिटं रांगेत डिझेल जळतं. 5 लावले तर शॉवेल दर फेरीमागे 3 मिनिटं रिकामं. प्रत्यक्षात फेऱ्या इतक्या काटेकोर नसतात, थोडी रांग लागणारच. पास वाढलेले दिसले तर ऑपरेटरला बोल लावण्याआधी ब्लास्टचा माल बघा. बोल्डर मोठे असले की बकेट अर्धी भरते. स्विंग, म्हणजे भरलेली बकेट डंपरकडे वळवण्याचा कोन, 90 अंशांच्या वर जात असेल तर डंपर चुकीच्या जागी लागतोय.

हॉल रोड, म्हणजे डंपरच्या ये-जा करण्याचा रस्ता, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. 1:16 चा चढ म्हणजे सव्वासहा टक्के. रस्ता चांगला असेल तर रोलिंग रेझिस्टन्स (चाकं फिरताना रस्त्याचा होणारा विरोध) 2 टक्क्यांच्या आसपास, खड्ड्या-चिखलात 5. एकूण विरोध सव्वाआठवरून सव्वाअकरावर जातो आणि तेवढ्याच ताकदीत 16 किलोमीटर वेगाने चढणारा भरलेला डंपर 12 वर येतो. इंजिनाचं कितीही ट्यूनिंग करा, हे भरून निघत नाही. रस्ता सपाट करणारा ग्रेडर रोज फिरवला तर निघतं. धूळ बसवायला पाण्याचा टँकर चढावर सलग मारू नये, टप्पे सोडून मारावा. नाहीतर घसरण होते.

इथल्या उन्हाळ्याचं गणित वेगळं. नागपुरात 45 अंश नवल नाही. टायरचा दाब सकाळी गार असताना मोजा. दुपारी दाब चढलेला दिसला म्हणून हवा सोडायची नाही; सोडली तर गार झाल्यावर टायर कमी हवेवर धावतं, बाजू जास्त दबतात, आणखी तापतात. रेडिएटरच्या जाळीतली धूळ पंख्याच्या प्रवाहाच्या उलट दिशेने फुंका. एअर फिल्टर मात्र इंडिकेटर लाल झाल्याशिवाय उघडू नका. रोज झटकण्याची सवय कौतुकाची वाटते, पण प्रत्येक वेळी थोडी धूळ आत जाते. ऑइल सॅम्पलमध्ये सिलिकॉन (म्हणजे धूळ) वाढलं आणि सोबत झिजेचं लोखंडही, तर इंजिनात हवा नेणाऱ्या सेवन-नळीचे क्लॅम्प आणि फिल्टरची बैठक आधी तपासा.

पावसाळ्यात वरची काळी माती डंपरच्या बॉडीला चिकटून बसते. 60 टनी डंपरमध्ये 3 टन चिखल राहिला तर दर फेरीला 5 टक्के क्षमता गेली, वर तो चिखल परतीलाही वाहायचा. त्यामुळे शिफ्ट बदलताना बॉडी खरवडून घ्यावी. कामठी थराचा वाळूखडक उपसत असाल तर बकेटचे दात रोज बघा. दात बोथट झाले की शॉवेल जोर जास्त लावतं, बकेट कमी भरते. आणि दात गळून कोळशात गेला तर क्रशरपाशी त्याचा खर्च कळतो.

हे सगळं ऑपरेटरला आधीच माहीत असतं. ‘भाऊ, आज कुठे थांबावं लागलं?’ असं शिफ्ट संपताना विचारा आणि उत्तर त्याच्यासमोरच लॉगबुकात लिहा.