आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत कोणासोबत कोणाला ठेवावे?

‘आफ्रिकन सिक्लिड’ हे काही एका माशाचे नाव नाही, सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुळ आहे. मासे पाळण्याच्या छंदातले बहुतेक आफ्रिकन सिक्लिड पूर्व आफ्रिकेतल्या मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन सरोवरांतले असतात आणि त्यांच्या शेकडो जाती या एकाच नावाखाली विकल्या जातात. ‘मिक्स आफ्रिकन’ अशा पाटीच्या टाकीतून बोटभर लांबीची दहा रंगीत पिल्ले उचलली, तर त्यांत दगडावरचे शेवाळ खरवडणारा, दुसऱ्यांची पिल्ले गिळणारा आणि मोठा झाल्यावर अख्ख्या टाकीवर दादागिरी करणारा असे तिघेही निघू शकतात. काही महिने सगळे गुण्यागोविंदाने राहतात. नर वयात आले की मारामाऱ्या सुरू होतात. म्हणून सोबती निवडण्याचे काम मासे आणण्याआधी, कागदावर करायचे असते.

१. आधी टाकी मोजा

या माशांसाठी उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पळणाऱ्याला पळायला जागा लागते. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत हिशेबाने सुमारे २५५ लिटर पाणी मावते. दगड-वाळू घालून आणि वर थोडी मोकळी जागा सोडून प्रत्यक्षात २०० ते २२० लिटरच उरते. मलावीचा मिश्र समूह ठेवायचा तर सुरुवात या मापापासून करावी. ३ फुटी टाकीत एकच छोटी जात ठेवावी. २ फुटी टाकीत मलावीचे मासे नकोतच. तिथे टांगानिकाचे शंखात राहणारे मल्टिफॅसिएटस शोभतात, ते जेमतेम ४-५ सें.मी.चे असतात. टांगानिकाचाच फ्रंटोसा ३० सें.मी.पर्यंत वाढतो, त्याला ६ फुटी टाकी हवी.

२. सरोवर आणि गट ठरवा

मलावीच्या माशांचे छंदापुरते तीन गट पडतात. खडकांत राहणारे, शेवाळ खाणारे आणि स्वभावाने तिखट ते एम्बुना. वाळूच्या कडेने फिरणारे, तुलनेने शांत ते पीकॉक. मोकळ्या पाण्यात पोहणारे ते हॅप; यांतले बरेच शिकारी असतात आणि व्हेनस्टससारखे काही २५ सें.मी.पर्यंत जातात. पीकॉक आणि मध्यम आकाराचे शांत हॅप एकत्र चांगले राहतात. पीकॉक आणि एम्बुना यांची मोट मात्र सहसा बांधू नये: एम्बुनांच्या धाकाने पीकॉक नराला पूर्ण रंगच चढत नाही.

टांगानिकाचे सिक्लिड मलावीच्या टाकीत घालू नयेत. मलावीच्या माशांना पीएच (पाण्याच्या आम्ल-क्षारपणाचे माप) ७.८ ते ८.६ चालतो, टांगानिकाच्या माशांना ९ च्या जवळपासचा. पाण्याचे एकवेळ जमवता येईल, पण स्वभावाचे नाही. टांगानिकाच्या ज्युलिडोक्रोमिसची जोडी दगडाच्या फटीत घर करून बसते. एम्बुनांच्या सततच्या धावपळीत तिला सुखाने जगता येत नाही. तिथलाच ट्रोफियस तर १५-२० च्या थव्याने स्वतंत्र टाकीत ठेवलेलाच बरा.

३. यादीला तीन चाळण्या लावा

पहिली चाळणी आकाराची. दुकानातला नव्हे, पूर्ण वाढीचा आकार धरा. जो तोंडात मावतो तो आज ना उद्या खाल्ला जातो.

दुसरी आहाराची. एम्बुनांचे आतडे लांब असते आणि ते शेवाळावर चालते. पीकॉक-हॅपांसाठीचे प्रथिनांनी जड खाणे त्यांना रोज मिळाले तर पोट फुगण्याचा आजार बळावतो. मासा खाणे तोंडात घेऊन थुंकू लागतो, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी होते. पोट फुगलेले दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. गाईबैलांचे हृदय खाऊ घालण्याची जुनी पद्धत इथे पूर्ण टाळावी. एम्बुनांच्या टाकीत स्पिरुलिनाचे (एक प्रकारच्या शेवाळाचे) दाणे मुख्य ठेवा आणि तेच ज्यांना मानवेल असेच सोबती निवडा.

तिसरी चाळणी रूपाची, आणि चुका सर्वांत जास्त इथे होतात. नराचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा नर. डेमासोनी, सौलोसीचा नर आणि आफ्रा हे तिन्ही एम्बुना निळे, तिघांच्या अंगावर काळे उभे पट्टे. एका म्यानात तीन तलवारी! त्यांतला एकच घ्या. डेमासोनी घ्यायचा तर किमान १२ घ्या, नाहीतर घेऊच नका. चार-पाच ठेवले तर सर्वांत बळकट नर उरलेल्यांना एकेक करून संपवतो. बारा-पंधरांत त्याचा राग वाटला जातो. रूपाचा दुसरा धोका संकराचा. यलो लॅब आणि लाल झेब्रा या दोन एम्बुनांचा संकर सहज होतो. पीकॉकच्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या इतक्या सारख्या करड्या असतात की जाणकारही फसतात. म्हणून पीकॉकची टाकी फक्त नरांची करावी: प्रत्येक जातीचा एक, आणि कोणतेही दोन एका रंगाचे नाहीत. एम्बुनांत मात्र एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा. एकच मादी असली तर नर तिला उसंत मिळू देत नाही.

नवख्यांनी तीन मासे यादीतून आधीच खोडावेत: ऑराटस, चिपोके आणि केनयी. तिघांचीही पिल्ले देखणी असतात, म्हणूनच ती घ्यावीशी वाटतात, पण मोठेपणी तेच टाकीवर दादागिरी करतात.

४ फुटी टाकीसाठी एक खात्रीची यादी: यलो लॅब ६, रस्टी ६, एसी ५. पिवळा, जांभळट तपकिरी आणि पिवळ्या शेपटीचा निळा, म्हणजे तिघांची रूपे वेगळी. तिघेही एम्बुनांतले सौम्य, आणि एसी बराच वेळ वरच्या थरात पोहत असल्याने गर्दीही विभागते.

४. सिक्लिड नसलेले सोबती

सायनोडॉन्टिस पेट्रिकोला ३ किंवा ४ ठेवा. हा टांगानिकाचाच कॅटफिश, सुमारे १० सें.मी.चा आणि दणकट. ब्रिसलनोज प्लेको एखादा चालतो, पण त्याला लपायला अरुंद बीळ हवे. त्याच कुळातला साधा प्लेको मात्र ४० सें.मी.च्या आसपास जातो आणि घाण भरपूर करतो. पीकॉकच्या टाकीत मोठ्या रेनबो माशांचा थवाही चालतो.

(ठिपक्यांचा कुकू कॅटफिश मोठा लबाड. सिक्लिड अंडी घालत असताना तो आपली अंडी मध्ये सोडतो, मादी ती तोंडात घेते, आणि त्याची पिल्ले आधी फुटून तिचीच पिल्ले खातात. पैदास करायची असेल तर तो नको.)

गोल्डफिश, एंजल, डिस्कस, गप्पी, निऑन, कोरिडोरस यांपैकी कोणीही नको. कोणाला पाणी मानवत नाही, कोणाला तापमान, तर कोणाच्या शेपटीचे तुकडे होतात.

५. सोडण्याचा क्रम आणि गर्दीचा हिशेब

दगड आधी रचा, तेही थेट तळाच्या काचेवर किंवा पातळ थर्माकोलवर, आणि मग वाळू ओता. वाळूवर रचलेले दगड हे मासे खालून उकरून पाडतात. फटी माशांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवा.

सर्वांत सौम्य जात पहिली सोडा, तिखट शेवटी. पिल्ले ४-५ सें.मी.ची असतानाच आणा आणि नर ओळखू आले की जास्तीचे काढा. नव्या माशांना ३-४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. मुख्य टाकीत सोडताना चार-पाच दगडांच्या जागा बदला, जुन्यांना खाऊ घाला, दिवा बंद करा आणि नवे मासे एकदम सोडा. एकटा सोडलेला मासा सगळ्यांचा मार खातो.

थोडी दाटी ठेवली की राग वाटला जातो हे खरे, पण त्याची किंमत फिल्टरला मोजावी लागते. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि त्याचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो: २५ अंश तापमानाला पीएच ७ वर तो अर्धा टक्का असतो, ८.५ वर सुमारे १५ टक्के. साध्या टाकीत खपून जाणारी चूक इथे जिवावर बेतते. पाणी तासाला ६ ते १० वेळा फिरवणारा फिल्टर लावा, दर आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदला, आणि फिल्टर पिकून (म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढून) अमोनिया व त्यापासून होणारे नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नका.

६. बिनसले तर

पहिले दोन-तीन दिवस पाठलाग होणारच. खरी खूण वेगळी: मासा वरच्या कोपऱ्यात हीटरच्या आड उभा राहतो, पर आवळलेले किंवा फाटलेले असतात, खायलाही येत नाही. (मादी खात नसेल आणि हनुवटी फुगलेली असेल तर तिच्या तोंडात अंडी आहेत, ती सुमारे तीन आठवडे उपाशीच राहते.) मार खाणाऱ्याला जखमा भरेपर्यंत वेगळे ठेवावे लागते, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण दादा दुसरा बकरा शोधतो. त्यालाही दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. तेवढ्यात इतरांची उतरंड नव्याने लागते आणि परतल्यावर तोच नवखा ठरतो. त्याला सोडतानाही दगड हलवा. पुन्हा तेच सुरू झाले, तर तो मासा त्या टाकीतला नव्हे. त्याला दुसरे घर पाहा.