पाड्यावर ‘डाकीण’ हा शब्द कानावर आला तर काय करायचं

तुमची बदली धडगाव किंवा अक्कलकुव्याला झाली असेल, तर वर्ष-दोन वर्षांत ‘डाकीण’ हा शब्द, म्हणजे चेटूक करून माणसं मारते असा एखाद्या बाईवर घेतलेला आळ, तुमच्या कानावर येणार. शिक्षक असा, ग्रामसेवक असा, नाहीतर माझ्यासारखी आरोग्यसेविका असा. मोठ्याने कुणी बोलणार नाही. लसीकरणाला आलेली एखादी आई पोराला टोचून घेईल आणि निघताना हळूच म्हणेल, “सिस्टर, पुढच्या टायमाला त्या घराजवळ नका बसू.” का, असं विचारलं की पदर तोंडाला.

सातपुड्यातल्या उपकेंद्रांवर माझी २६ वर्षं गेली. एवढ्या काळात हे प्रकरण पाच वेळा अगदी जवळून पाहिलं. दोनदा मी ते बिघडवलं, म्हणून हे लिहायचा मला थोडा अधिकार आहे असं समजते.

पहिल्या दिवशी एकच पथ्य. त्या बाईचं नाव तोंडातून काढायचं नाही. “कोण आहे हो ती डाकीण?” असं चार घरी विचारत फिरलात तर चार घरांत शंका तुम्हीच पेरली. सरकारी माणूसही चौकशी करतोय म्हणजे काहीतरी असणार, असा त्याचा अर्थ निघतो. मी हेच केलं होतं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या पाड्यावर निरोप पोचला होता की सिस्टरबाईलाही संशय आहे.

दुसरी चूक त्याहून मोठी. त्या बाईचा निवाडा करायला गावाची बैठक बसली तेव्हा मी उभी राहून ठणकावून सांगितलं, डाकीण-बिकीण काही नसतं, सगळी अंधश्रद्धा आहे. सगळे गप्प. मग एक म्हातारे बाबा अगदी शांतपणे म्हणाले, “बाई, मग पोरगं कशानं मेलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या घरात रात्री खेळतं पोर झोपलं आणि सकाळी उठलं नाही, त्या घराला कारण हवं असतं. तुमच्याकडे ते नसेल तर भगताकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, असतं. म्हणून भाषण नंतर. आधी मयताच्या घरी जायचं, आईजवळ जमिनीवर बसायचं आणि विचारायचं.

काय विचारायचं तेही सांगते. पोर झोपलं कुठे, खाटेवर की खाली? आधी काय दुखलं? डोळे कसे दिसत होते? आवाज बदलला होता का, थुंकी गिळता येत होती का? पावसाळ्यात खाली झोपलेलं पोर मध्यरात्री पोट दुखतं म्हणून उठलं, मग पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं आणि पहाटे श्वास थांबला, असं कुणी सांगितलं तर आधी मण्यार आठवा. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूण बऱ्याचदा सापडतही नाही. अंगावर जखम नाही, ताप नाही आणि पोर गेलं, म्हणजे “आतून खाल्लं” असं लोकांना वाटतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. इथे बारीक उजेड घेऊन आपणच शोधायचं. बोटांच्या बेचक्यात, कानामागे, केसांत. पुढच्या वेळी कुणाचं पोट असं दुखलं तर आधी १०८ ला फोन आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस, हे त्याच ओसरीत बसून सांगायचं. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते.

दुसरं कारण सिकलसेल, आईबापांकडून पोरांत येणारा रक्ताचा आजार. आमच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत हा आजार भरपूर आहे. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चौथा हिस्सा धोका. मग एकाच घरातली दोन पोरं गेलेली, तिसरं सारखं हाडं दुखतात म्हणून रडतंय आणि डोळे पिवळे. आईबाप स्वतः ठणठणीत. असं एकाच घरावर का यावं? लोक शेजारच्या घराकडे बघतात. आईबापांचं आणि जिवंत पोराचं रक्त तपासून घ्या, रिपोर्ट हातात घेऊन परत जा. कागद पाहिला की माणसं ऐकतात. वाचता येवो न येवो.

भगत आणि त्याच्यामागचा माणूस

आता भगताबद्दल. शहरातून आलेली पोरं त्यालाच खलनायक ठरवून मोकळी होतात. माझ्या हद्दीत तीन भगत होते. एक तर माझा मित्रच म्हणा, हळद-कुंकू लावून, लिंबू उतरवून झालं की म्हणायचा, “आता सिस्टरकडे जा, देवाने सांगितलंय.” बाळंतपणाच्या दोन केसेस त्याच्यामुळे वेळेत पोचल्या. असा माणूस जोडून ठेवा.

दुसऱ्याला दाणे पाहताना मी स्वतः बघितलंय. सुपात ज्वारी घेतली, पुटपुटला, चिमूटभर दाणे घोंगडीवर टाकले आणि दोन-दोनच्या जोड्या लावत गेला. शेवटी एक दाणा उरला. तो बोटाने दाबून धरला आणि विचारलं, “खालच्या अंगाला घर आहे का?” कुणीतरी म्हणालं, आहे. “एकटी बाई?” हो. “तिच्या दारात झाड आहे.” प्रत्येक उत्तर आजूबाजूला बसलेली माणसंच देत होती, तो फक्त ते गोळा करत होता. आणि सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने “हो” म्हणणारा माणूस एकच होता.

त्याच्यावर नजर ठेवा. भगताला बोलावलं कुणी, कोंबड्याचे आणि दारूचे पैसे कुणी दिले, हे बिनबोभाट काढा. मग तलाठ्याकडे जाऊन जमिनीचा कागद पाहा.

त्या वेळी मेलेला मुलगा आठ वर्षांचा होता. ज्या बाईकडे बोट दाखवलं ती साठीतली विधवा, मूलबाळ नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावावर निघतो, तसा तिचा निघाला होता. नवरा गेल्यावर ती एकटीच तो कसत होती, बांधावर मोहाची चार झाडं. मोठ्याने “हो” म्हणणारा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, आणि गावात कारभाऱ्याचा मान त्याच्याकडेच. दोन वर्षांपासून तो तिच्या बांधात नांगर घालत होता. दंड ठरला ११ हजार आणि दोन बोकड. नाही दिला तर गाव सोडायचं. पट्टा मागे राहिला की कुणाकडे जाणार, ते सांगायला दाणे लागत नाहीत.

मेलेल्या मुलाच्या बापाला या जमिनीशी देणंघेणं नव्हतं. त्याला खरंच भीती वाटत होती, घरी अजून एक पोरगी होती. आणि कारभाऱ्याला ती भीती आयती मिळाली होती. पोलीस पाटलाने आणि इतरांनी मान का हलवली, हे मला नंतर कळलं. आड येणाऱ्याच्या बायकोचं नाव पुढच्या दाण्यांत निघतं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. पन्नास माणसांच्या बैठकीत मनापासून पटलेले पाच-सात असतील. बाकीचे आपापली बायको वाचवत असतात.

माझ्या मुलीने कॉलेजात असताना मला अमेरिकेतल्या सेलमची गोष्ट सांगितली होती, १६९२ ची. तिथला पाद्री पगार आणि सरपणावरून गावाशी आधीच भांडत होता, आणि सुरुवात त्याच्याच घरातल्या मुलींच्या झटक्यांपासून झाली. जे “हो, आम्ही चेटूक केलं” म्हणाले ते वाचले. “नाही” म्हणत राहिलेले १९ जण फासावर गेले. मी म्हटलं, अगं हे तर आमच्याकडचंच. आमच्याकडेही मार पडला की बाई कबूल करते. तेव्हा “तिने स्वतः कबूल केलंय” हे वाक्य कुणी तोंडावर फेकलं तर त्याला काडीची किंमत देऊ नका. आधी तिच्या पाठीवर वळ आहेत का ते बघा.

बैठक पुढे ढकलणं

बैठक रात्री होऊ द्यायची नाही. रात्र, मोहाची दारू आणि ताजं दुःख एकत्र आलं की कुणाचंच चालत नाही. थेट “बंद करा” म्हटलात तर ते तुम्हाला बाजूला करून भरवतील. त्यापेक्षा तारीख द्या. मी म्हणाले, “तालुक्याचे डॉक्टर गुरुवारी येतील, पोर कशानं गेलं ते सगळ्यांसमोर सांगतील, तेव्हाच बसा.” आणि डॉक्टरांना खरंच आणलं, तेही आधी ओढ्याला पाणी आहे म्हणत होते. खोटी तारीख देऊ नका, दुसऱ्यांदा कुणी ऐकणार नाही.

मधल्या दिवसांत तीन माणसं तयार करा. एकटा कुणी उभा राहणार नाही, पण तिघांना एकमेकांचं आधीच माहीत असेल तर राहतील. मी निवडले ते असे: लिंबूवाला भगत, आश्रमशाळेत शिकून आलेला एक तरुण आणि मुलाची आजी. आजीचं वजन सगळ्यांत जास्त. ज्याचं माणूस गेलं तोच म्हणाला “मला दंड नको”, तर कारभाऱ्याच्या हातात काय उरतं?

आणि त्या बाईला तोवर हलवायचं. पळून गेली असं दिसता कामा नये, पळणं हीच कबुली धरतात. आमच्या बाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तेव्हा भरदिवसा, सगळ्यांच्या देखत, तपासणीला म्हणून नेली. तिकडून भावाच्या गावी. पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि वनपट्ट्याचा मूळ कागद घेतला. कोंबड्या आशाताईने सांभाळल्या. पण शेताचं मी विसरले. जुलै होता, ज्वारी-मका पेरायची वेळ. पंधरा दिवसांनी कारभाऱ्याने तिथे आपली मका टाकली आणि तो तुकडा सोडवायला पुढे दोन वर्षं गेली. तेव्हा बाईला हलवाल त्याच दिवशी तिच्या शेतात कोण पेरणार हेही ठरवा.

कायद्याचं थोडक्यात

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. एखादी व्यक्ती करणी करते, जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हासुद्धा यात गुन्हा आहे. हात उगारायची वाट पाहावी लागत नाही. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. वाळीत टाकलं असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा वेगळा, त्यात ३ वर्षांपर्यंत.

ठाण्यात जाताना कागदावर लिहून न्या: कोण, कुठल्या दिवशी, कुणासमोर, नेमके कुठले शब्द बोलला. “गावाने त्रास दिला” असं लिहिलंत तर त्यातून काही निघत नाही, गावाला अटक कशी करणार? एक नाव, एक वाक्य, दोन साक्षीदार. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली (आमच्याकडे गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही जवळ) तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा. वकील तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, बाईच्या उत्पन्नाची अट नाही. जीवावर बेतलं असेल तर मात्र आधी ११२. माझ्या हद्दीत रेंज टेकडीवरच्या एका सागाखालीच यायची, ते झाड तुमचंही शोधून ठेवा.

गुन्हा नोंदवायचाच का, यावर मी प्रत्येक वेळी वेगळी वागले. मारहाण झाली की लगेच नोंदवायचा, त्यात चर्चा नाही. नुसती कुजबुज असेल तेव्हा मी आधी कारभाऱ्याला एकट्याला गाठून कलमं वाचून दाखवली. भीती त्यालाही असते. ठाण्याची.

परत आणल्यावर

बाई दिवाळीनंतर परतली. डॉक्टरांनी मण्यार समजावून सांगितली होती, आजीने दंड नको म्हटलं होतं, कुणी काही बोलत नव्हतं. पण हापशीवर ती आली की बाकीच्या हंडे बाजूला घेत. तिच्या हातचं पाणी कोण पितं, यावर लक्ष ठेवा.

मी लसीकरणाची जागा बदलली. अंगणवाडीचं छप्पर गळतं, असं कारण दिलं (गळत होतंच) आणि पेटी तिच्या ओसरीत मांडली. पहिल्या महिन्यात अकरापैकी तीन पोरं आली. बाकीची घरोघरी जाऊन टोचली, कुणाला रागावले नाही. दुसऱ्या महिन्यात सहा. प्रत्येक वेळी मी सगळ्यांसमोर तिच्याकडे पाणी मागून घेतलं आणि दोन घोट सावकाश प्यायले.

तिसऱ्या महिन्यात ती आजी आली, उरलेल्या नातीला घेऊन. पोरगी सुई बघून किंचाळायला लागली, आजीला आवरेना, आणि माझे दोन्ही हात अडकलेले. आजीने इकडेतिकडे पाहिलं आणि पोरगी त्या बाईच्या मांडीवर दिली. “धर गं जरा,” म्हणाली.