माजी विद्यार्थ्यांच्या कामगिरीची नोंद कशी करावी

महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी लावलेला ‘आमचे नामवंत माजी विद्यार्थी’ हा फ्लेक्स बहुतेकांनी पाहिलेला असतो. दोन आमदार, एक कलेक्टर, एक मालिकेतला नट आणि अमेरिकेतला एक इंजिनिअर. कोण कोणत्या वर्षी इथे शिकला, इथली पदवी घेतली की नुसती बारावी केली, हे विचारलं तर ऑफिसात कुणाला सांगता येत नाही. मग नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) माजी विद्यार्थ्यांची माहिती लागली की आठ दिवस धावपळ होते आणि हाती पुन्हा तीच पाच नावं लागतात. हे काम नीट बसवायचं असेल तर खालच्या क्रमाने करा. दोन प्राध्यापक, ऑफिसातला एक जुना लिपिक आणि चार विद्यार्थी एवढी माणसं पुरतात.

आधी व्याख्या लिहून काढा

माजी विद्यार्थी कोणाला म्हणायचं, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष प्रवेश घेतलेला कोणीही, हा नियम सोयीचा पडतो. मात्र ‘शिक्षण’ आणि ‘पदवी’ असे दोन रकाने वेगळे ठेवा. अकरावी-बारावी तुमच्याकडे करून इंजिनिअरिंगला गेलेली मुलगी महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी आहेच, पण तेवढ्यावरून ती तुमच्या विद्यापीठाची होत नाही, कारण बारावी बोर्डाची असते.

विद्यापीठाच्या नावात तर हमखास घोळ होतो. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. त्याआधी पुण्यात पदवी घेतलेली माणसं मुंबई विद्यापीठाची. सर विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडले. ते कॉलेज त्यांना आपलं म्हणू शकतं, पुणे विद्यापीठ म्हणू शकत नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, त्याआधी तो भाग हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होता. गोवा विद्यापीठ १९८५ चं, म्हणजे मुक्तीनंतर तोवरच्या गोव्यातल्या पदव्या मुंबईच्या. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं, तेव्हा त्याआधी एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांपुढे ते नाव लिहिणं चूकच. नामविस्तार झालेल्या विद्यापीठांचं पदवीच्या वर्षी जे नाव होतं तेच नोंदीत लिहा, आजचं नाव हवं तर पुढे जोडा.

यादी बाहेरून नाही, रजिस्टरमधून सुरू करा

फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवून सुरुवात केली की ज्यांना स्वतःबद्दल सांगायला आवडतं तेच भरतात. म्हणून आधी प्रवेश रजिस्टर, दाखल्यांची पुस्तकं आणि निकालाची लेजर कपाटातून काढा. सगळी वर्षं एकदम उघडू नका. दरवर्षी चारशे मुलं बाहेर पडत असतील तर चाळीस वर्षांचा आकडा सोळा हजार होतो आणि काम तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. आजपासून दहा, वीस, तीस आणि चाळीस वर्षांपूर्वीची एकेक तुकडी घ्या. हे सोळाशे लोक झाले. त्यातल्या निम्म्यांपर्यंत पोचलात तरी कोणत्या क्षेत्रात किती जण आहेत याचं खरं चित्र दिसायला लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, बँकेतले अधिकारी, शेती करणारे, नर्स, दुकानदार हे फ्लेक्सवर नसलेले लोक इथेच भेटतात.

एक्सेलमध्ये उतरवताना विद्यापीठाने दिलेल्या पीआरएन (कायम नोंदणी) क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं. सोळा अंकी पीआरएन साध्या रकान्यात टाकला की शेवटच्या अंकाचा शून्य होतो आणि दहा-दहा मुलांचा क्रमांक एकच दिसतो. नंतर रकाना बदलून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही. नावाचेही दोन रकाने हवेत, एक देवनागरी आणि एक गुणपत्रिकेवरचं इंग्रजी स्पेलिंग.

तिसरा रकाना ‘सध्याचं नाव’. तो नसेल तर निम्मा वर्ग सापडत नाही. मुली रजिस्टरमध्ये माहेरच्या नावाने असतात आणि पुढची सगळी कामगिरी सासरच्या नावावर. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. घेतली आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी., तेव्हा त्या कमला भागवत होत्या. त्या वर्षांच्या कागदांत ‘सोहोनी’ शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. तुमच्याकडची १९९६ ची तुकडीही तशीच आहे. माहेरचं आडनाव, गाव आणि एका मैत्रिणीचा फोन, एवढ्यावर बहुतेक जणी सापडतात.

फॉर्म छोटा, फोन लांब

फॉर्ममध्ये बारापेक्षा जास्त प्रश्न नकोत. नाव (तेव्हाचं आणि आताचं), तुकडी, अभ्यासक्रम, सध्याचं काम, कुठे, कधीपासून, आधीची कामं, उल्लेखनीय गोष्ट आणि तिचं वर्ष, तिचा कागद कुठे मिळेल, फोन, संमती. एवढंच. गुगल फॉर्ममध्ये फोटो अपलोड करायला सांगू नका. त्यासाठी गुगल खात्यात लॉग-इन करावं लागतं आणि पन्नाशीतली माणसं तिथेच फॉर्म सोडून देतात. फोटो नंतर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. नुसता फोटो म्हणून आला तर त्याची फाइल दाबून लहान केली जाते. स्मरणिकेत दोन इंच रुंद छापायचा तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) किमान ६०० पिक्सेल रुंदी लागते.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना तो निरोप जातच नाही. ‘दोनशे जणांना पाठवलं, कुणीच उत्तर दिलं नाही’ ही तक्रार बहुधा इथून येते. प्रत्येक तुकडीत एक माणूस असा असतोच की ज्याला सगळ्यांचं माहीत असतं. तो आधी शोधा आणि त्याच्याच ग्रुपवर फॉर्म टाकायला सांगा.

फोनवर बोलताना ‘तुमच्या अचीव्हमेंट्स सांगा’ असं विचारलं की समोरचा म्हणतो, ‘आमचं कसलं काय, सर!’ त्याऐवजी ‘कॉलेज सोडल्यावर पहिली नोकरी कुठे? मग? गेली पाच वर्षं काय चाललंय?’ असं विचारा. जिने वाडीवरची दोनशिक्षकी शाळा पंचवीस वर्षं चालवली ती स्वतःहून काही सांगणार नाही, मुलं शिष्यवृत्तीला बसतात का एवढं विचारलं की वह्याच काढून बसेल.

पडताळणी: प्रत्येक पेशाचं माप वेगळं

सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली की नोंद बिघडते. कुठे काय बघायचं ते असं.

स्पर्धा परीक्षा. यूपीएससीच्या अंतिम निकालात क्रमांक, रोल नंबर आणि नाव असतं, कोणती सेवा मिळाली ते नसतं. सेवा नंतर ठरते. निकालाच्या दिवशीच ‘आयएएस’ लिहून टाकलं आणि पुढे महसूल सेवा मिळाली, असं वारंवार होतं. एमपीएससीतही शिफारस आणि नियुक्ती यांत बराच काळ जाऊ शकतो. म्हणून ‘निवड’ आणि ‘रुजू’ अशी दोन वर्षं लिहा.

पद्म पुरस्कार. राज्यघटनेच्या कलम १८ मुळे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालामुळे हे पुरस्कार पदवीसारखे नावाच्या मागे-पुढे लावता येत नाहीत. ‘पद्मश्री अमुक तमुक’ असं छापू नका. ‘पद्मश्री (अमुक वर्ष)’ असं नोंदीच्या शेवटी लिहा. वर्षवार यादी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, तिथे नाव नसेल तर पुरस्कार दुसराच कुठला तरी आहे.

डॉक्टरेट. भारतीय विद्यापीठांचे बरेचसे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात सापडतात. सापडला नाही म्हणजे पीएच.डी. खोटी, असं नाही. जुने प्रबंध तिथे नसतात, अशा वेळी विद्यापीठाची अधिसूचना मागा. ‘मानद डॉक्टरेट’ दिसली की देणारी संस्था कोण ते आधी बघा. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने विद्यापीठांना आणि तशाच मान्य संस्थांना आहे, हॉटेलच्या सभागृहात शाल-श्रीफळासोबत प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळांना नाही. ही नोंद नाकारताना मान्यवर रागावतात. रागावू द्या.

पेटंट. ‘माझ्या नावावर सात पेटंट’ म्हणजे बहुतेकदा सात अर्ज. अर्ज दाखल, अर्ज प्रसिद्ध आणि पेटंट मंजूर या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे अर्ज साधारण अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, त्याचा मंजुरीशी संबंध नाही. मंजूर असेल तर पेटंट क्रमांक असतो. तो मागा.

वकील आणि सीए. ‘ज्येष्ठ वकील’ हा वयाचा मान नाही. वकील कायद्याच्या कलम १६ खाली न्यायालय तो दर्जा देतं. तो नसेल तर ‘तीस वर्षं वकिली’ लिहा, त्यात कमीपणा नाही. सीएंच्या नावापुढच्या एसीए आणि एफसीए यांतला फरक सदस्यत्वाच्या श्रेणीचा आहे, वरची परीक्षा दिली असा त्याचा अर्थ नव्हे.

डॉक्टर. वैद्यक परिषदेकडचा नोंदणी क्रमांक आणि नोंदवलेली पदवी बघा. एमडी, डीएम (एमडीनंतरची पदवी) आणि काही आठवड्यांची फेलोशिप या एका रांगेत लिहायच्या गोष्टी नाहीत.

उद्योजक. उलाढालीचे कोटी छापू नका. तो आकडा तोंडी असतो आणि पुढच्या वर्षी बदलतो. कंपनी कधी नोंदली, संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. काय बनतं, कुठे बनतं, किती जणांना काम मिळतं, एवढं लिहा.

शेती. पीक, क्षेत्र, हंगाम आणि उत्पादन एकत्र असेल तरच नोंदीला अर्थ येतो. ‘विक्रमी उत्पादन’ याने काहीच कळत नाही. पुरस्कार असेल तर तो राज्य शासनाचा, कृषी विद्यापीठाचा की खतकंपनीचा, हे स्पष्ट लिहा.

खेळ. स्पर्धेचं नाव, वर्ष, ठिकाण, प्रकार, गट, पदक, सगळं एका ओळीत बसतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव यांची नोंद अशी होते: ‘१९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट, कांस्यपदक’. ‘राष्ट्रीय खेळाडू’ एवढंच आलं तर प्रमाणपत्रावर कोणत्या संघटनेचा शिक्का आहे ते बघा, आणि सहभाग की पदक ते विचारा. खासगी संस्थांच्या ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा भरपूर आहेत.

नाटक-सिनेमा. राज्य नाट्य स्पर्धेत प्राथमिक फेरी की अंतिम, वैयक्तिक पारितोषिक की नाटकाला, हे वेगळं करा. सिनेमासाठी श्रेयनामावलीतलं काम लिहा, ‘चित्रपटसृष्टीत कार्यरत’ नको.

पदवी आणि काम जुळत नसेल तर दोन्ही ठेवा. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. त्यांना फक्त ‘कलाक्षेत्र’ या रकान्यात टाकलं की एक कान-नाक-घसा तज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ आणि एक मनोविकारतज्ज्ञ नोंदीतून गळतात.

नोंद लिहिणं

एका माणसाला चाळीस ते ऐंशी शब्द. कमला सोहोनींचीच नोंद करून बघू.

‘कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत). बी.एस्सी., मुंबई विद्यापीठ, १९३३. त्यानंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन. पीएच.डी., केंब्रिज, १९३९. वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या द्रव्यावर काम. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचं अध्यापन आणि नीरा, डाळी यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन. त्याच संस्थेच्या संचालक.’

यात ‘थोर’, ‘दैदीप्यमान’, ‘उत्तुंग भरारी’ यांपैकी काही नाही आणि काही उणंही वाटत नाही. विशेषण लिहावंसं वाटलं की तिथे वर्ष किंवा आकडा टाकता येतो का ते बघा. न आल्यास बहुधा माहितीच अपुरी असते, पुन्हा फोन करा.

पडताळणीचा रकाना सोपा ठेवा: ‘क’ म्हणजे कागद पाहिला, ‘स’ म्हणजे संकेतस्थळावर पाहिलं, ‘तों’ म्हणजे तोंडी. स्मरणिकेत आणि नॅकच्या अहवालात फक्त पहिल्या दोन प्रकारच्या नोंदी जाऊ द्या.

संमती आणि दुरुस्ती

फोन, ईमेल आणि पत्ता वेगळ्या शीटमध्ये, पासवर्ड लावून. पीआरएनवरून दोन्ही शीट जुळवता येतात. नाव-फोटो प्रसिद्ध करायला लेखी संमती घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यापासून ‘ग्रुपवर होतंच की’ हे उत्तर चालणार नाही. पोलीस आणि लष्करातल्या लोकांची सध्याची नेमणूक छापण्याआधी त्यांना विशेष विचारा. बरेच जण नको म्हणतात.

वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीनंतर मेळाव्याच्या आधी, यादीतल्या प्रत्येकाला त्याचीच नोंद पाठवून ‘काही बदल?’ एवढंच विचारा. नोंद बदलताना जुनी ओळ पुसू नका. शेजारच्या रकान्यात नवी माहिती, तारीख आणि बदल कोणी सांगितला ते लिहा. निधनाची बातमी ग्रुपवरून आली तर घरच्यांकडून खात्री झाल्याशिवाय नावापुढे ‘कै.’ लावू नका.