सिगारला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

‘एवढा महागाचा सिगार, पण कडूजहर लागला’ अशी तक्रार करणाऱ्यांचा सिगार बहुतेक वेळा चांगलाच असतो. बिघडलेलं असतं ते साठवणं, कापणं, पेटवणं नाहीतर ओढणं. निकाल देण्याआधी एवढं तपासून घ्या.

घाई करणं

ही सगळ्यात मोठी चूक. सिगारेटची सवय असलेला माणूस सिगारचेही भराभर झुरके मारतो. मिनिटाला एक झुरका पुरतो. त्याहून वेग वाढला की निखारा तापतो, तंबाखू करपते आणि कोको, कातडं, देवदाराचं लाकूड असले सगळे वास जाऊन नुसता कडवटपणा उरतो. क्युबन रोबुस्तो (सिगारचा एक ठरलेला आकार) १२४ मिलिमीटर लांब आणि ५० गेजचा, म्हणजे इंचाच्या ५०/६४ जाडीचा असतो. तो पाऊण तास तरी चालायला हवा. वीस मिनिटांत संपवलात तर तो कसा होता हे तुम्हाला कळलेलंच नाही. तोंड कडू झालं तर सिगारमधून हलकेच उलटी फुंकर मारा, आत साचलेला धूर बाहेर पडेल. मग एक-दोन मिनिटं त्याला हात लावू नका.

धूर छातीत घ्यायचा नाही. तो क्षारधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरतं. रिकाम्या पोटी जाड सिगार ओढला की घाम फुटतो, मळमळतं, भोवंड येते. अशा वेळी सिगार ठेवून द्या, काहीतरी गोड खा आणि बसून राहा. ‘आपण धूर आत घेत नाही, म्हणजे धोका नाही’ हा मात्र निव्वळ भ्रम आहे. तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो.

सादळलेला किंवा सुकलेला सिगार ओढणं

मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेला सिगार पापडासारखा सादळतो. आतली पानं फुगतात, ओढ घट्ट होते, सिगार सारखा विझतो. मग लोक म्हणतात, वळणाऱ्याने चुकीचा वळलाय! फ्रिजमध्ये ठेवणं हा उपाय नव्हे. तिथे तो कोरडा पडतो, वर भाज्यांचा वास लागतो तो वेगळाच. हवाबंद डब्यात ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखणारं पाकीट टाकून ठेवा. डब्यातल्या आर्द्रतामापकावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा (विरघळू देऊ नका) आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ टक्क्यांवर हवा. जेवढा फरक दिसेल तेवढा पुढे हिशेबात धरा.

उन्हाळ्यात डबा थंड जागी ठेवा. तापमान पंचविशीच्या पुढे गेलं की तंबाखूतल्या किड्यांची अंडी उबतात, आणि वरच्या पानाला टाचणीएवढी भोकं दिसू लागतात.

कापणं आणि पेटवणं

टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाचा, जेमतेम दोन मिलिमीटर भाग उडवा. खांद्याखाली, म्हणजे टोपीची गोलाई संपते त्याच्याही खाली, कापलात तर वरचं पान उलगडत जातं. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो. ब्युटेनचा वापरा किंवा लांब काडी घ्या, आणि काडीवरचा गंधक आधी जळून जाऊ द्या. ज्योत टेकवू नका, थोडी लांब धरून कडा गोल फिरवत शेकून घ्या. एकच बाजू पुढे जळत गेली तर मागे राहिलेल्या कडेला जरा ज्योत दाखवा, भागतं.

रंगावरून, राखेवरून पारख करणं

काळपट सिगार म्हणजे जहाल, असं सरसकट धरलं जातं. पण जहालपणा मुख्यतः आतल्या लिगेरोमुळे येतो. ही झाडाच्या शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली पानं असतात. ती सावकाश जळतात म्हणून वळताना मधोमध घालतात. मादुरो म्हणतात ते वरचं काळं पान पुष्कळदा उलट गोडसर लागतं. राखेच्या पांढरेपणाचंही फार कौतुक नको, तो जमिनीतल्या खनिजांवर अवलंबून असतो. लांब राख टिकली तर आत अखंड पानं आहेत एवढं कळतं, चवीचं काहीच नाही.

पारख करायचीच तर सोबत पाणी घ्या. धुरकट व्हिस्की समोर असेल तर चव व्हिस्कीचीच लागते. तोंडातला थोडा धूर नाकावाटे सोडा, बारकावे तिथेच सापडतात. सुरुवात, मध्य आणि शेवट यांची वेगवेगळी नोंद करा. हाताने वळलेला माल आहे, एकाच पेटीतले दोन सिगार सारखे निघतीलच असं नाही. निदान दुसरा ओढेपर्यंत मत राखून ठेवा.

आणि पेटी काचेच्या झाकणाची, वर ‘कोहिबा’ हा क्युबाचा नामांकित ब्रँड लिहिलेला, किंमत निम्मी? तो माल नकली. क्युबात अशी पेटी बनतच नाही. त्या सिगारवर वरचे उपाय करत बसू नका.